सोयाबीनचे बी का उगवत नाही? : सातारा व सांगली जिल्ह्यांतील खरीप पेरणीच्या संदर्भात

पेरलेले बी उगवले नाही, ही घटना वरवर पाहता एकच दिसते. परंतु तिच्यामागे निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. बी पेरणीपूर्वीच मेलेले असेल. ते जिवंत पण दुबळे असेल. अथवा ते निकोप असूनही जमिनीने व पावसाने त्यास वर येऊ दिले नसेल. तिन्ही प्रकारांत शेतकऱ्यास दिसते ते रिकाम्या ओळींचे शेत. मात्र तिन्हींचे उपाय वेगळे, जबाबदारी वेगळी आणि पुढील वर्षी घ्यावयाची काळजीही वेगळी. निदान चुकले म्हणजे दुबार पेरणीही त्याच चुकीने वाया जाते, किंवा ज्याचा दोष नाही त्याच्यावर दोष ठेवला जातो. म्हणून हे निदान कसे करावयाचे, याचा विचार सोयाबीन या पिकाच्या आधारे येथे केला आहे.

सोयाबीन हेच पीक निवडण्याचे कारण उघड आहे. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत आणि साताऱ्याकडील कोरेगावसारख्या भागांत ज्या जमिनींवर पूर्वी खरिपात भुईमूग व ज्वारी असे, त्यांतील पुष्कळशा जमिनी गेल्या काही दशकांत सोयाबीनकडे वळल्या. पीक बदलले, पण बियाण्यासंबंधीच्या जुन्या सवयी मात्र बदलल्या नाहीत. भुईमुगाचे बी शेंगेत राखले जाते व पेरणीच्या तोंडावर फोडले जाते. शेंगेचे टरफल हे त्याचे चिलखत होय. ज्वारीचा दाणा लहान व कठीण असून राखेत वा कडुलिंबाच्या पाल्यात वर्षभर निभावून जातो. सोयाबीनला यांपैकी कोणतेही संरक्षण नाही. खळ्यावर शेंगेतून निघाल्याक्षणापासून ते उघडे असते, आणि खरिपातील सर्व प्रमुख पिकांत अत्यंत नाजूक बियाण्यांपैकी ते एक आहे.

बियाण्याची घडण

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. तेलयुक्त बियाणी, मग ती सोयाबीनची असोत, भुईमुगाची असोत वा भांगेची, पिष्टमय धान्यांच्या मानाने लवकर निर्जीव होतात. कारण साठवणीत तेलातील मेदाम्लांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होत राहते व त्यामुळे पेशींची सूक्ष्म पटले जीर्ण होतात. दाणा वरून पिवळाधमक दिसत असतो, आत मात्र पटलांना छिद्रे पडलेली असतात. डोळ्यांनी बी ओळखता येत नाही याचे मूळ येथे आहे.

दुसरी गोष्ट बीजावरणाची. हे आवरण फार पातळ असते आणि भावी मूळ व खोड ज्यातून निघावयाचे तो अंकुराक्ष दाण्याच्या नाभीशेजारी, अगदी आवरणालगत असतो. तूर वा हरभऱ्याचा दाणा उंचावरून पडला तर सहसा काही बिघडत नाही. सोयाबीनचे भरलेले पोते ट्रकमधून जमिनीवर आदळले तर त्यातील कित्येक दाण्यांच्या अंकुराक्षास न दिसणारी इजा होते. दाणा जितका टपोरा, तितकी ही भीती सामान्यतः अधिक. उलटपक्षी, मध्य प्रदेशातील ‘कालीतूर’ या जुन्या काळ्या वाणाचे बारीक, जाड आवरणाचे बी साठवणीत अधिक काळ टिकते. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ यांसारखे उत्पादक वाण या भागास दिले आहेत. अशा टपोऱ्या दाण्याच्या वाणांचे उत्पन्न हवे असेल तर त्यांच्या बियाण्याची निगाही त्याच मानाने वाढविली पाहिजे, हे क्रमप्राप्त होय.

पेरणीपूर्वी होणारी हानी

बी मेले असल्यास ते बहुधा तीनपैकी एका ठिकाणी मेलेले असते : उभ्या पिकात, मळणीत किंवा साठवणीत.

दाणा पक्व झाल्यावर त्याचा झाडाशी असलेला पोषणाचा संबंध संपतो. त्यानंतर तो शेंगेत असला तरी वस्तुतः उघड्यावर साठविलेला असतो. अशा वेळी परतीचा पाऊस आला म्हणजे दाणा फुगतो, ऊन पडताच आक्रसतो, पुन्हा फुगतो. या फुगण्या-आक्रसण्याने आवरणास सुरकुत्या व भेगा पडतात आणि त्यांतून बुरशीचा शिरकाव होतो. २०१९ साली ऑगस्टमध्ये कृष्णेस महापूर आला आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने राज्याच्या फार मोठ्या भागात काढणीस आलेले सोयाबीन भिजले. त्याच्या पुढच्या, म्हणजे २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यातील अनेक जिल्ह्यांतून आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. जूनमध्ये दिसून येणाऱ्या रोगाचे बीज आदल्या ऑक्टोबरात पडते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

मळणीतील हानी ही वेगाची व ओलाव्याची आहे. दाण्यात ओलावा फार असेल तर तो ठेचला जातो. फार कोरडा असेल तर तडकतो. बियाण्यासाठी मळणी करावयाची असल्यास दाण्यातील ओलावा १३ ते १५ टक्के असताना, मळणी यंत्राची गती मिनिटास ३०० ते ४०० फेऱ्यांपर्यंत उतरवून ती करावी, असे शिफारशींत सांगितलेले असते. धान्यासाठी भाड्याने आणलेले यंत्र वेळ वाचविण्याकरिता याच्या कितीतरी अधिक वेगाने फिरविले जाते. त्या राशीतील दाणे बाजारात विकण्यास उत्तम असतात. बियाणे म्हणून मात्र ते संशयास्पदच समजावे.

साठवणीच्या बाबतीत अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी सांगितलेला एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. दाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्के या मर्यादेत असता तो १ टक्क्याने कमी झाल्यास बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. त्याचप्रमाणे साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरल्यासही ते दुप्पट होते. या हिशेबाने १३ टक्के ओलाव्याच्या बियाण्यापेक्षा १० टक्के ओलाव्याचे बियाणे आठपट काळ टिकावे. नियम ढोबळ असला तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. सांगली भागात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ३८-४० अंशांच्या आसपास जाते. पत्र्याच्या खोलीत ते त्याहूनही चढते. पाठोपाठ जूनची दमट हवा येते आणि दाणा ती शोषून घेतो. म्हणजे पेरणीपूर्वीचे शेवटचे दोन महिने बियाण्यास सर्वांत घातक असतात. जमिनीवर थेट ठेवलेली पोती, हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, एकावर एक रचलेली उंच थप्पी आणि शेजारीच ओलावा खेचणारी रासायनिक खते, या चारही गोष्टी शेतकऱ्याच्या घरात सर्रास दिसतात व चारही टाळण्यासारख्या आहेत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, तागाच्या पोत्यांत ठेवलेले बी याच घरात पुष्कळ बरे राहते.

उगवणक्षमता आणि जोम

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असते व तीवर किमान उगवणक्षमता ७० टक्के लिहिलेली असते. गहू व हरभरा यांना हेच प्रमाण ८५ टक्के लागते. सोयाबीनसाठी ते खाली ठेवण्यात आले, ही या बियाण्याच्या नाजूकपणाची शासकीय कबुलीच म्हणावयास हवी. या ७० टक्क्यांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे.

प्रयोगशाळेत बी ओल्या कागदात वा वाळूत, सुमारे २५ अंश तापमानात, योग्य ओलाव्यात ठेवले जाते आणि आठव्या दिवशी निकोप रोपे मोजली जातात. तेथे ढेकूळ नसते, पपडी नसते, साचलेले पाणी नसते. अशा सुखाच्या स्थितीत ज्याने कसाबसा मोड काढला तेही बी ‘उगवले’ म्हणून मोजले जाते. प्रतिकूल जमिनीतून वर येण्याची जी शक्ती, तिला जोम म्हणतात. साठवणीत बी म्हातारे होऊ लागले की प्रथम जोम घटतो आणि उगवणक्षमता मागाहून कोसळते. त्यामुळे कागदावर ७२ टक्के उगवलेले एखादे बियाणे शेतात ६५ टक्के उगवेल, तर तेवढ्याच आकड्याचे दुसरे बियाणे ४० टक्क्यांवर थांबेल. आणि दोन्ही खूणचिठ्ठ्या आपापल्या परीने खऱ्या असतील. शिवाय खूणचिठ्ठीची मुदत परीक्षेच्या दिनांकापासून ९ महिने असते. परीक्षा हिवाळ्यात झाली आणि पेरणी जूनमध्ये, तर मधल्या उन्हाळ्याची नोंद त्या चिठ्ठीत नसते. चिठ्ठी सांगते ती त्या दिवशीची गोष्ट.

आता थोडे गणित पाहू. दोन ओळींत ४५ सें. मी. व दोन रोपांत ५ सें. मी. अंतर धरल्यास हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे लागतात. १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर हेक्टरी ७५ किलो बियाण्यात ६ लाख २५ हजार दाणे असतात व त्यांचे ७० टक्के म्हणजे ४ लाख ३७ हजार ५०० होतात. अर्थात, शिफारस केलेले बियाणे व किमान उगवणक्षमता यांची गाठ जेमतेम पडते. शेतातील नुकसानीस त्यात काहीच वाव नाही. दाणा टपोरा असून १०० दाण्यांचे वजन १४ ग्रॅम असेल, तर त्याच ७५ किलोंत सुमारे ५ लाख ३६ हजार दाणे येतात व ७० टक्क्यांनी ३ लाख ७५ हजार रोपेच मिळतात. बी ‘नापास’ नसतानाही पीक विरळ का दिसते, याचे उत्तर कित्येकदा केवळ या वजनात असते.

जमीन व पाऊस

बी चांगले असूनही न उगवण्याची कारणे सातारा-सांगली भागात विशेष विविध आहेत. कारण येथील भूमीच तशी आहे. महाबळेश्वरी वर्षास ५,००० मि. मी. हून अधिक पाऊस पडतो, तर माण, जत या तालुक्यांत तो ५०० मि. मी. च्या आसपास असतो. एकाच वाणाचे बी शिराळ्यात कुजून जाते आणि आटपाडीत कोरडे पडून राहते.

सोयाबीनच्या दाण्यास मोड फुटण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषावे लागते. मक्यास सुमारे ३० टक्के पुरते. वळवाच्या एखाद्या सरीवर पेरले तर दाणा फुगतो, अंतर्गत क्रिया सुरू होतात, आणि मग ओलावा संपतो. एकदा जागा झालेला अंकुर पुन्हा निजत नाही. तो वाळून मरतो. शिराळा, पाटण या भागांत भाताची धूळवाफ पेरणी करतात. भाताचे बी तुसात असते व कोरड्या मातीत पावसाची वाट पाहू शकते. भातावर चालणारी ती रीत सोयाबीनला लागू करणे म्हणजे बियाणे दैवावर सोपविणे होय. ७५ ते १०० मि. मी. पाऊस होऊन जमीन चांगली ओलावल्यावर, वाफसा आला असता पेरावे, ही शिफारस याच कारणासाठी आहे.

याच्या उलट टोकास पाणी साचण्याचा प्रश्न आहे. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पेरणीनंतर दोन-तीन दिवस पाणी तुंबले तर बियास श्वसनासाठी ऑक्सिजन मिळत नाही. फार कोरडे बी एकदम पाण्यात पडले तर आणखी एक अपाय होतो : पाणी वेगाने आत घुसून पेशींची पटले फाटतात, आतील साखर व क्षार बाहेर झिरपतात आणि त्या साखरेवर जमिनीतील बुरशी वाढते. काही शेतकरी कारल्या-भोपळ्याच्या बियांप्रमाणे सोयाबीनही पेरण्यापूर्वी भिजत घालतात. भोपळवर्गी बियांच्या जाड टरफलास ते मानवते. सोयाबीनला त्याने अपायच होतो. भारी जमिनीत रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते व बी वरंब्यावर सुरक्षित राहते.

तिसरे कारण खोली व पपडी. हरभऱ्याच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात व फक्त बारीक कोंब वर येतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याचे खोड कमानीसारखे वाकून दोन्ही जाड डाळिंब्या ओढत जमिनीबाहेर आणते. हा सर्व भार घेऊन त्यास ३ ते ५ सें. मी. माती फोडावयाची असते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे फण भुसभुशीत रानात ७-८ सें. मी. खोल जातात, तेव्हा अंकुराची शिदोरी वाटेतच संपते. पेरणीनंतर जोराची सर येऊन लगेच कडक ऊन पडले की काही जमिनींवर घट्ट पपडी धरते; तिच्याखाली कमान मोडते. अशा वेळी पपडी हलकेच फोडणे किंवा सोय असल्यास तुषार सिंचनाने ती मऊ करणे हा उपाय असतो. मात्र तो वेळीच, म्हणजे खोडे मोडण्यापूर्वी व्हावयास हवा.

चौथे कारण या प्रदेशाच्या समृद्धीतूनच आले आहे. उसाच्या अतिरिक्त पाण्याने मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतील नदीकाठचे पुष्कळ क्षेत्र खारवट व चोपण झाले आहे. मातीत क्षार अधिक असले की ओल दिसत असूनही बियास ती शोषता येत नाही. अशा जागी उगवण टप्प्याटप्प्याने, पांढरट दिसणाऱ्या खोलगट भागात नाहीशी होते. तेथे दुसऱ्या पिशवीतील बी टाकूनही निष्पत्ती तीच. निचऱ्याची सोय हाच खरा इलाज.

उकरून पाहावे

सोयाबीन साधारणपणे पाच ते सात दिवसांत वर येते. आठव्या दिवशी ओळी रिकाम्या दिसल्यास पहिले काम तक्रार नव्हे व दुबार पेरणीही नव्हे. पहिले काम ओळ उकरून पाहणे होय. शेताच्या निरनिराळ्या पाच-सहा ठिकाणी एकेक मीटर ओळ हलक्या हाताने उकरली म्हणजे माती बरेच काही सांगते. हा पुरावा फार दिवस टिकत नाही. दहा-बारा दिवसांत मेलेले बी कुजून मातीत मिसळते.

बी कोरडे, कठीण व जसेच्या तसे असेल तर ओल कमी पडली. ते अजून जिवंत असू शकते व पाऊस आल्यास उगवेल. अशा शेतात घाईने दुबार पेरणी करणे हा दुहेरी खर्च आहे. बी फुगलेले, मऊ, दुर्गंधीयुक्त व बुरशीने माखलेले असेल तर एक तर ते आधीच मेलेले होते, अथवा पाण्यात गुदमरले. यांतील निवाडा पुढे सांगितलेल्या परीक्षेने होतो. मोड निघाला पण मुळाचे टोक खुरटलेले वा डाळिंब्या तुटलेल्या असतील तर मळणीतील वा हाताळणीतील इजेचा संशय घ्यावा. खोड लांबून, नागमोडी वळून पपडीखाली अडकले असेल तर दोष खोलीचा वा पपडीचा. बीच सापडत नसेल तर पेरणी यंत्राची नळी तुंबली होती, अथवा पक्ष्यांनी व मुंग्यांनी ते नेले. रोपांचे बुंधे कुरतडलेले दिसले तर उगवण झालीच होती; रात्री गोगलगायींनी किंवा वाणी किड्यांनी ती खाल्ली.

यासोबत शेताचा आराखडाही पाहावा. ठरावीक अंतराने एकच ओळ रिकामी असेल तर तो यंत्राचा दोष. सखल कोपरा रिकामा असेल तर पाण्याचा. सर्व शेतभर सारखीच विरळ उगवण असेल आणि त्याच लॉटचे बी वेगळ्या दिवशी, वेगळ्या जमिनीत पेरलेल्या शेजाऱ्याकडेही तीच स्थिती असेल, तर दोष बियाण्यात असण्याचा संभव फार मोठा. उलट, एकाच शेतात दोन निरनिराळ्या लॉटचे बी सारखेच फसले असेल तर जमिनीकडे व पेरणीकडे पाहावे.

घरच्या घरी उगवण परीक्षा

हे सर्व घडून गेल्यावरचे शहाणपण झाले. पेरणीपूर्वी करावयाची परीक्षा याहून सोपी आहे. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून मूठमूठ बी घेऊन एकत्र करावे व त्यातून निवड न करता १०० दाणे मोजावेत. चांगले चांगले दाणे वेचून घेतल्यास परीक्षा बियाण्याची न होता वेचणाऱ्या डोळ्यांची होते. ओल्या करून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी, दाण्यादाण्यांत दीड-दोन सें. मी. अंतर ठेवून मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट टाकावे व सैल गुंडाळी करून सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर असावे, निथळते नसावे. सातव्या-आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून केवळ निकोप रोपे मोजावीत. तुटक्या, वेड्यावाकड्या, मूळ नसलेल्या मोडांची गणना करू नये.

एकाच शंभर दाण्यांवर मात्र विसंबू नये. खरी उगवणक्षमता ७० टक्के असलेल्या बियाण्याच्या १०० दाण्यांच्या परीक्षेत निव्वळ योगायोगाने ६१ पासून ७९ पर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. शंभराच्या चार गुंडाळ्या केल्यास ही अनिश्चितता ६५ ते ७५ इतकी अरुंद होते. प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतात ते याचसाठी. जोमाचा अंदाज घ्यावयाचा असल्यास आणखी १०० दाणे शेतातील मातीने भरलेल्या ट्रेमध्ये ४ सें. मी. खोल पेरून पाहावेत. गुंडाळीतील व मातीतील आकड्यांत मोठी तफावत आली तर बी जिवंत असले तरी थकलेले आहे, असे समजावे.

उगवण ७० टक्के असल्यास एकरी ३० किलो बी वापरावे. ६० टक्के असल्यास त्याच प्रमाणात ते ३५ किलो करावे. याहून बरीच खाली गेल्यास बी वाढवून भागत नाही. कारण ज्या राशीत इतके दाणे मेले तीतील उरलेले दाणेही दुबळेच असतात. बुरशीनाशक, कीटकनाशक व जिवाणू संवर्धक यांची प्रक्रिया याच क्रमाने करावी आणि बी हाताने रगडू नये. रगडल्याने पातळ आवरण सुटते व वाचविण्याच्या उपायानेच बी मरते.

सोयाबीन स्वपरागित असल्याने निवडक घरचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत थोड्या क्षेत्रावर केवळ बियाण्यासाठी सोयाबीन घेतल्यास परतीचा पाऊस व लांबलेली साठवण ही दोन्ही संकटे टळतात. कृष्णाकाठी अशी सोय पुष्कळांना आहे.

तक्रार व पुरावा

दोष बियाण्याचाच आहे अशी खात्री पटल्यास कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या बियाणे अधिनियमाने व १९६८ च्या नियमांनी किमान प्रमाणांचे बंधन घातलेले आहे. लेखी तक्रार आल्यावर तालुका स्तरावरील तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. बियाणे खरेदी करणारा शेतकरी हा ग्राहक असून त्यास ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात दिला. शेतकरी सर्व बी पेरून टाकतो, तेव्हा परीक्षेसाठी त्याने नमुना राखून ठेवावयास हवा होता असे म्हणणे वाजवी नाही, हेही न्यायालयाने त्यात मान्य केले. तथापि पावती, रिकामी पिशवी, खूणचिठ्ठी आणि शक्य तर त्याच पिशवीतील अर्धा किलो बी कोरड्या जागी ठेवणे शहाणपणाचे आहे. कुजलेले बी व गुदमरलेले बी यांतील भेद त्या राखलेल्या बियाण्याच्या परीक्षेनेच स्पष्ट होतो : नमुना उत्तम उगवला तर दोष रानाचा, नमुनाही फसला तर दोष पिशवीचा. पुणे, परभणी व नागपूर येथे शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत.

सारांश, ‘बी उगवले नाही’ हे निदान नव्हे. ते केवळ लक्षण आहे. मूठभर माती उकरून पाहणे आणि पेरणीपूर्वी चार गोणपाटांच्या गुंडाळ्या करणे, या दोन कामांस दमडीचा खर्च नाही. सोयाबीनच्या पेरणीचा हंगाम जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, जेमतेम एक महिन्याचा असतो. पहिली पेरणी फसल्याचे कारण आठव्या दिवशी कळले तर त्या महिन्यात दुसरी पेरणी साधते. विसाव्या दिवशी कळले तर हंगाम हातचा गेलेला असतो.